तिसऱ्या पाळीचे कंद

युनूसभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कासारवाडीच्या घरी दिवाळीच्या माळा उतरवत होतो. त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला, "काका, अब्बा गेले. सकाळी चहा पिता पिता..." मी स्टुलावरून खाली उतरलो, बसलो, आणि मनात पहिला विचार काय यावा? तर, अजून तिसरी पाळी लावायची राहिलीय! बायकोनं विचारलं, "कोण गेलं?" पण मला पटकन सांगता येईना. पाळी बदलताना भेटणाऱ्या माणसाला नेमकं काय म्हणायचं?

चाकणच्या कंपनीत आम्ही दोघांनी एकाच लेथवर उमेदीची वर्षं काढली, पण बरोबर कधीच नाही. ते सुटायचे तेव्हा मी लागायचो, मी सुटायचो तेव्हा ते. पुढच्या पाळीचा सोडवणारा आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मी आलो की युनूसभाई हात पुसत म्हणायचे, "घ्या राव, चालू हाय." तेवढ्यात सगळं यायचं. टूल नवं आहे, माप बरोबर येतंय, काळजी नको. मी लातूरकडचा, ते तळेगाव दाभाड्याचे, पक्की मावळी बोलणारे. आमच्या गप्पा एक कप चहा संपेपर्यंतच्या. एवढ्यावर मैत्री होते का? झाली खरी.

एकदा दसऱ्याच्या सुमारास, पाऊस उघडल्यावर, त्यांना तळेगावच्या एका ग्रीनहाऊसवाल्यानं ग्लॅडिओलसचे कंद दिले. दिसायला कांद्यासारखे. यांनी घरामागच्या पट्टीत एकाच रविवारी सगळे लावून टाकले. झालं काय, की हिवाळ्यात सगळे दांडे एकदमच फुलले, आणि नेमका तोच आठवडा ओव्हरटाइमचा. अंधारात घर सोडायचं, अंधारात परतायचं. सुट्टी मिळाली तेव्हा शेंड्यावरची वाळकी फुलं उरली होती. "समद्या गल्लीनं बघितली, आमी सोडून," असं मशीनपाशी सांगताना त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. पुढच्या वर्षी मात्र आल्या आल्या म्हणाले, "आता कंदांच्या पाळ्या लावल्यात. फर्स्ट शिफ्ट दसऱ्याला, सेकंड दिवाळीला, थर्ड त्याच्यानंतर. समदी मान्सं एकाच पाळीला बोलावली तर कंपनी चालंल व्हय?" मी म्हटलं, "त्यापेक्षा खरे कांदे लावा, भाभी दुवा देतील." त्यावर लगेच, "तुमा लातूरच्या मान्सांना डाळीबिगर काय दिसतं का!"

रिटायर झाल्यावर आम्ही पहिल्यांदाच एका पाळीला आलो. दसरा झाला की मी कासारवाडीहून लोणावळा लोकल पकडायचो. तळेगावच्या नर्सरीत युनूसभाई कंद निवडायचे ते लेथवरून उतरलेला जॉब तपासल्यासारखे. अंगठ्यानं दाबून बघायचं, मऊ लागला की "रिजेक्ट!" मी मोठा, पसरट कंद उचलला की हातातून काढून घ्यायचे. "रुंद हाय, पर चपटा. म्हातारा झालाय त्यो. लहान का असंना, टपोरा घ्या." मी म्हणायचो, मग आपण दोघंही रिजेक्टच की. ते इतके हसायचे, की नर्सरीवाला वळून बघायचा. मग घरी येऊन चार बोटं खोल, कोंब वर करून लावायचे. हमीदाभाभी दारातून कंदांकडे बघत म्हणायच्या, "आली वाटतं माझी सवत!" पण जानेवारीत पहिला दांडा कापून स्टीलच्या तांब्यात टीव्हीवर ठेवायच्या त्याच. आजही डोळे मिटले की मला तो तांब्या आधी दिसतो, युनूसभाई नंतर.

माती द्यायला गेलो त्या दिवशी पट्टीकडे बघायची हिंमत झाली नाही. चाळिसाव्याला गेलो. जेवणं उरकल्यावर मुलगा म्हणाला, मागं फरशी घालून गाडी लावायला जागा करतोय. भाभी खाली बघत म्हणाल्या, "मीच म्हणलं, घाल. मला तिकडं बघवत न्हाई, भावजी." त्यांचं चूक नव्हतं. पण त्या फरशीखाली आमची एकत्र केलेली तेवढीच एक पाळी जाणार होती.

मी मागच्या दारी गेलो. पहिल्या पाळीला कळ्या धरल्या होत्या, दुसरी गुडघ्याएवढी झाली होती. खिळ्याला कांद्याची जाळी लटकत होती, त्यात तिसरी पाळी. उशीर झाला होता, कंदांना जाळीतच कोंब फुटून भोकांतून बाहेर आले होते... सोडवणारा आला नाही म्हणून ताटकळत उभे. कोणाला न विचारता मी खुरपं घेतलं. चार बोटं खोल, कोंब वर. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या माणसाचा राग येत होता. अशी अर्ध्यात पाळी सोडून जातात का?

लावून झाल्यावर झारी घेऊन उठलो, तर गुडघे धरले. एवढ्या वर्षांत सोडवणारा आल्याशिवाय मी जागा सोडली नव्हती. आता कोण येणार होतं? मागे पावलं वाजली. भाभी बराच वेळ कळ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मग मुलाला हाक मारून म्हणाल्या, "गाडी म्होरंच लाव रं." आणि माझ्याकडे हात पुढे केला. "द्या इकडं. तुमची लोकल चुकंल."

मी हात पुसले, झारी त्यांच्याकडे दिली आणि म्हणालो, "घ्या भाभी, चालू हाय."