डोंगा हा खेळ नाही

कॉलेजच्या प्रवेशअर्जात 'खेळ' असा एक रकाना असतो. दीपाली भानारकरने त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डोंगा'. खिडकीतल्या बाबूने ते वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, लाल पेनाने शब्दावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'असा खेळ नाही'. तिच्यामागे रांगेत चाळीस पोरं होती. सगळी खो खो हसली.

हे १९९९ सालचं. पोरीला राग लवकर यायचा आणि उतरता उतरायचा नाही. घरी जाईपर्यंत ती सायकलवर एकटीच बडबडत होती म्हणतात, आणि मला ते खोटं वाटत नाही.

सिंदेवाहीपासून दोन कोसांवर बोडीटोला. ढिवरांची पंचवीस घरं आणि गावाच्या चौपट मोठा तलाव. दीपालीचा बाप उमाजी तलावात जाळं टाकायचा, आई शिंगाडे काढायची. पोर सहाव्या वर्षापासून एकटी डोंगा हाकत होती. शिंगाड्याच्या वेलांतून डोंगा न्यायचा म्हणजे वल्हं असं मारावं लागतं, की वेल तुटत नाही आणि मासोळी बुजत नाही. पाण्यात जाताना आवाज नाही, निघताना थेंब उडत नाही. एका खोडात कोरलेला तो जडशीळ डोंगा तिच्या हाताखाली गरीब गाईसारखा चालायचा. गावातल्या बाप्यांनी तिच्याशी पैज लावणं केव्हाच सोडून दिलं होतं. आणि हा बाबू म्हणतो, असा खेळ नाही!

दुसऱ्या दिवशी ती खेळाच्या सरांकडे गेली. प्रफुल्ल सर घुग्घुसच्या खाणकामगाराचा मुलगा. कोळशाच्या धुळीत वाढलेला माणूस, पोहता येत नव्हतं, पाण्याला भ्यायचा. पण माणूस सरळ. म्हणाले, "दाखव मले तुहा खेळ." ते तलावावर आले, डोंग्यात बसले, दोन्ही काठ घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले. पलीकडच्या पाळीला, तलावाच्या बांधाला, डोंगा लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडून घड्याळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"परत ने," ते म्हणाले. या खेपेला डोळे उघडे होते.

त्यांनी तिला सांगितलं, की देशातल्या काही विद्यापीठांत होड्यांच्या शर्यती आहेत. आपल्या विद्यापीठाच्या यादीत तो खेळ नाही. यादीत आला तर संघ निघेल, संघात खेळली तर ती विद्यापीठाची कलर होल्डर होईल, म्हणजे विद्यापीठाच्या रंगाचा कोट तिला मिळेल. आणि कलर होल्डरला पुढे नोकरीच्या भरतीत खेळाडूंची वेगळी जागा असते.

पोरीने घरी येऊन बापाला सांगितलं, "बाबा, मले कलर होल्डर व्हायचं हाय."

उमाजी जाळं विणत होता. त्याने गाठ पक्की केली आणि शांतपणे विचारलं, "आपल्या घरी लाइट आठ दिवसांतून एकदा येते. होल्डर कायले पाह्यजे? अन् पांढरा काय वाईट हाय?"

गावाला पुढचा महिनाभर हा विनोद पुरला. दीपालीला जो तो विचारी, "काऊन वं, बल्ब कुठी लावून राह्यली?"

प्रफुल्ल सरांनी विद्यापीठाला अर्ज केला. विद्यापीठ तेव्हा दीडशे किलोमीटर दूर होतं, आणि तिथून उत्तर यायला बैलगाडी असावी. पहिलं वर्ष अर्ज कुठे आहे ते शोधण्यात गेलं, दुसरं तो पुन्हा करण्यात. दीपाली शेवटच्या वर्षाला आली. आता खेळ यादीत आला तर याच हिवाळ्यात यायला हवा होता. मार्चात तिची परीक्षा झाली की ती कॉलेजची कोणी नव्हती. पुढे शिकवायची घरची ऐपत नव्हती. म्हणजे मग आयुष्यभर शिंगाडे, आणि ती लाल काट कायम. रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेवढंच होतं.

विद्यापीठाच्या क्रीडा मंडळात भैयाजी नावाचे एक वजनदार गृहस्थ होते. तीस वर्षं कबड्डीचे पंच. बाकीचे सभासद भैयाजींच्या चेहऱ्याकडे बघून मान कुठल्या दिशेने हलवायची ते ठरवत. प्रफुल्ल सर एकदा त्यांना भेटून आले, तेव्हा भैयाजींनी त्यांना चहा पाजला आणि फैलावर घेतलं.

"मास्तर, माझी कबड्डीची पोरं डब्याच्या दारात बसून स्पर्धेला जातात. एकाच्या अंगावर धड बनियन नाही. आहेत ते खेळ नीट पोसता येत नाहीत अन् तुम्ही नवीन आणता? आज डोंगा म्हणाल, उद्या कोणी येईल बर्फावरची हॉकी घेऊन. चंद्रपुरात अठ्ठेचाळीस डिग्रीत बर्फ कुठून आणू? फ्रीजमधून?"

माणूस चुकीचं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. सर एवढंच म्हणाले, "साहेब, बर्फ आणावा लागेल. पानी तं आमच्या इथी हायच. अन् पोरगीबी हाय. एकदा येऊन पाहा. नाई पटलं तं मी पुन्हा अर्ज करणार नाई."

भैयाजी कबूल झाले. डिसेंबरात मंडळाचे तिघं बोडीटोल्याला येतील, शहरातल्या बोट क्लबची, आपल्याच विद्यापीठात शिकणारी रीता नावाची मुलगी येईल, ती तीन वर्षं सराव करतेय. पाचशे मीटरची शर्यत. पोरगी तिच्या बरोबरीची निघाली तर विचार करू, नाहीतर फाईल बंद. प्रफुल्ल सरांनी हात जोडले. परतीच्या बसमध्ये आपण पैजेवर काय लावून आलो ते त्यांना कळलं.

क्लबने दोन फायबरच्या होड्या आठ दिवस आधी पाठवल्या. वीतभर रुंद, कणसासारख्या निमुळत्या. पहिल्या दिवशी दीपाली चार वेळा पाण्यात पडली आणि गावाने पाळीवर बसून चारही वेळा टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी ती पडायची थांबली. पाचव्या दिवशी लाकडाच्या डोंग्यावर घडलेल्या त्या हातांना होडी सुपासारखी हलकी वाटू लागली. सातव्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांची तोंडं उघडी राहिली.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सरांना आठवलं, की शेवटची रेघ तर आखलीच नाही. पाण्यावर चुना कसा टाकणार? त्यांनी कॉलेजचा शिपाई डोमा याला पिटाळलं. डोमाला मच्छीमार सोसायटीच्या खोलीत एक लांब दोरी सापडली, हातहात अंतरावर थर्माकोलचे पांढरे ठोकळे बांधलेली. दोन बांबू पाण्यात रोवून त्याने ती त्यांच्यामध्ये ताणली. लांबून झकास दिसत होती. सरांना आनंद झाला. दीपाली तेव्हा पलीकडच्या टोकाला, सुरुवातीच्या जागी जाऊन बसली होती. तिला एवढंच सांगितलेलं, की दोन बांबूंच्या मधून जायचं.

शिट्टी झाली. रीता तयारीची मुलगी, पहिल्या शंभर मीटरला तीच पुढे. तिच्या वल्ह्याने पाणी कसं उसळत होतं! दीपालीच्या वल्ह्याने काहीच होत नव्हतं, नुसती होडी पुढे जात होती. दोनशेला दोघी बरोबर आल्या. तीनशेला दीपाली एक होडी पुढे, चारशेला तीन. पाळीवर गाव नाचायला लागलं. म्हाताऱ्या बायांनी पदर खोचले. भैयाजी खुर्चीच्या कडेला सरकले होते, पण चेहरा पंचाचाच, दगडाचा.

आणि रेघ दोन हातांवर असताना दीपालीने वल्हं उलटं मारून होडी थांबवली.

थांबवली म्हणजे अगदी जागच्या जागी. दोरीला टोकसुद्धा लागू दिलं नाही. सर ओरडले, "जा! जा ना!" ती हलेना. नवल म्हणजे गावही गप्प झालं होतं. नाचणारे पाय थांबले. कोणीही तिला 'जा' म्हणेना.

दीपाली ताठ बसून पाळीकडे बघत ओरडली, "जाळं कोनाचं हाय?"

भैयाजींनी शेजारी उभ्या उमाजीला दंडाला धरून हलवलं. "अरे, थांबली काऊन? जिंकून राह्यली होती!"

उमाजीने दोरीकडे बोट दाखवलं. "साहेब, ते पांढरे ठोकळे जाळ्याच्या दोरीचे हाय. खाली जाळं असते. पसरलेल्या जाळ्यावरून मालकाले विचारल्याबिगर होडी नेत नाई आमच्यात. काहीबी झालं तरी नाई. मालकानं 'माझं हाय, जा' म्हणलं पाह्यजे."

"मग म्हण ना तू!"

"माझं नाई ते," उमाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "दुसऱ्याच्या जाळ्याले माझं कसं म्हनू? पोरीसाठीबी नाई म्हनता येत, साहेब."

रीता दोन होड्यांच्या अंतरावर आली. डोमा बांबूजवळ 'खाली जाळं नाई वं, नुसती दोरी हाय' असं सांगू पाहत होता, पण गडबडीत त्याच्या तोंडून 'जाळं, जाळं' एवढंच निघत होतं, आणि त्याने काम आणखीच बिघडलं.

भैयाजींच्या मनात त्या दोन क्षणांत काय झालं ते त्यांनी नंतर कितीतरी जणांना सांगितलं. तीस वर्षं त्यांनी रेघेवर पोरं पाहिली होती. पाय पडूनही नाही पडला म्हणणारी, आईची शपथ घेणारी, पंचाच्या अंगावर येणारी. आणि इथे एक पोरगी हातातला विजय सोडून रेघेशी थांबली होती, कारण ती रेघ दुसऱ्या कोणाची असेल! बघणारा कोणी नसता तरी ती थांबली असती, हे त्यांना पक्कं कळलं.

ते खुर्चीवर चढले. वजनदार माणूस, खुर्ची करकरली. तीस वर्षांच्या कबड्डीने कमावलेला आवाज त्यांनी सगळा सोडला.

"माझं हाय! जाळं माझं हाय! जा, पोरी, जा!"

तलावभर तो आवाज घुमला. दीपालीने वल्ह्याने दोरी पाण्यात दाबली, एक हिसका दिला आणि होडी वरून सरकवली. रीताची होडी तेवढ्यात बांबूंत शिरत होती. हातभराने, फार तर दीड हाताने, दीपाली पुढे होती.

मग जो गलका झाला त्यात तलावावरचे सगळे बगळे उडाले. प्रफुल्ल सर आनंदाच्या भरात कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि मगच त्यांना भीती आठवली. रीताने होडी दीपालीच्या होडीला लावली आणि तिची पाठ थोपटली.

भैयाजी काठावर आले. "थांबलीस तेव्हा माहीत होतं ना, की हरशील? तुझं वर्ष जाईल?"

"होतं ना," दीपाली म्हणाली. तिला अजून धाप लागलेली होती. "हरली असती तं मीच हरली असती, साहेब. जाळं फाटलं असतं तं त्या घरच्यांनी खाल्लं काय असतं?"

भैयाजींनी अहवाल तिथेच, डोमाच्या पाठीवर कागद ठेवून लिहिला. बाकीच्या दोघांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सह्या केल्या. जानेवारीत मंडळाच्या बैठकीत कोणीतरी विचारलंच, की नवीन खेळाची गरज काय. भैयाजी म्हणाले, "खेळ नवीन नाही. आपण नवीन आहोत. ती पोरं पिढ्यान्‌पिढ्या खेळताहेत, आपली यादीच उशिरा पोचली." आणि त्याच दमात कबड्डीच्या पोरांसाठी बनियनांचा ठरावही पास करून घेतला, कारण माणूस शेवटी भैयाजी होता.

फेब्रुवारीत संघ निघाला. भोपाळच्या मोठ्या तलावावर रीता आणि दीपाली एका होडीत बसल्या, पुढे रीता, मागे दीपाली, आणि तेवीस विद्यापीठांत दुसऱ्या आल्या. विद्यापीठाचा निळा कोट अंगावर घालून दीपाली परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एसटीतून उतरली. सारं बोडीटोला रस्त्यावर होतं. उमाजीने पुढे होऊन कोटाच्या बाहीला हात लावला, बटणं पाहिली, खिशावरचं चिन्ह बोटाने चाचपलं. मग गावाकडे वळून, छाती काढून, तो म्हणाला, "पाहून घ्या रे. हा कलर डोंग्याचा हाय."

आणि मग तो मोठमोठ्याने रडला, सगळ्यांदेखत.