सर्वज्ञाने काढलेली पडताळणी

विभागप्रमुखाला ऑफिसात सगळे 'सर्वज्ञ' म्हणत; पाठीमागे, अर्थात. त्याची बायको त्याच विभागात चाचणी इंजिनीअर होती, आणि नवऱ्याबद्दलचा तिचा आदर केव्हाच आटून तळाशी नुसता गाळ उरला होता.

अ‍ॅम्ब्युलन्ससाठी त्यांनी नवे वायरलेस संच बनवले होते. हे संच हवेत कान लावत, टीव्ही केंद्राची एखादी वाहिनी रिकामी दिसली की तिच्यावरून बोलत, आणि केंद्राचा सिग्नल आला की मुकाट्याने बाजूला होत. तो सिग्नल खरंच केंद्राचा की कुणा भामट्याचा, हे ओळखणारी पडताळणी तिने लिहिली होती. प्रात्यक्षिकात या पडताळणीमुळे जोडणी जरा रेंगाळली, पाहुण्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि सर्वज्ञाने पडताळणीच काढायला लावली.

"अहो, कुणीही केंद्राचं सोंग घेईल आणि सगळे संच गप्प बसतील."

"लोकांना दुसरे उद्योग नाहीत का गं?" तो आरशात भांग तपासत म्हणाला. भांग तेवढा तो रोज न चुकता तपासायचा.

पुढे एका टवाळाने गच्चीवरून तसाच खोटा सिग्नल सोडला. दुपारभर अ‍ॅम्ब्युलन्स मुक्या. कळा सुरू झालेली एक बाई रस्त्यातच अडकली; ती आणि बाळ वाचले ते ड्रायव्हरच्या हिकमतीवर.

चौकशीत सर्वज्ञाने घसा खाकरला. "पडताळणी मिसेसकडे होती. घरच्या व्यापात राहिली असेल."

तिला राग आला नाही. ताटात झुरळ दिसावं तशी किळस आली. तिने दोन संच टेबलावर ठेवले आणि हातातल्या छोट्या ट्रान्समीटरचं बटण दाबून तसाच खोटा सिग्नल सोडला. एक संच जागीच मुका झाला, दुसरा बोलत राहिला.

"मुका झाला तो साहेबांचा. बोलतोय त्यात माझी पडताळणी आहे. ती कुणी काढायला लावली, विभागात कुणालाही विचारा."

विचारलं. सगळ्यांनी एकच नाव घेतलं. सर्वज्ञाची बदली गोदामात झाली.

"चारचौघांत नवऱ्याचं नाक कापलंस!" तो घरी येऊन किंचाळला.

"होतं कुठे?" म्हणत तिने त्याची बॅग दाराबाहेर ठेवली.

तो धाकट्या भावाकडे गेला. आठवड्याभरात दिराचा फोन आला. "वहिनी, दादा इथेच राहणार का?"

"तुमचाच भाऊ आहे, भावजी. पोसा."

फोन ठेवून ती अ‍ॅम्ब्युलन्सच्या आवारात गेली. संचांमध्ये पडताळणी पुन्हा बसवायची होती, आणि पहिल्या गाडीचा ड्रायव्हर दार उघडून वाट पाहत होता.