जिन्याचा कठडा

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. दुसऱ्याने आवळलेला नट स्वतः पुन्हा आवळून बघायचे आणि सैल निघाला तर त्या माणसाची चारचौघांत शोभा करायचे. निवृत्त झाल्यावर वरची खोली भाड्याने दिली आणि ते घरमालक झाले. चालसुद्धा बदलली हो त्यांची!

वर शिवणकाम करणारी एक मुलगी राहायला आली. "काका, जिन्याचा कठडा हलतोय," असं तिने दोनदा सांगितलं. दाजी म्हणाले, "फिटरला शिकवतेस? रविवारी बघतो." महिन्यात चार रविवार येतात. चारही गेले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मग एका सकाळी कापडाचा गठ्ठा घेऊन ती उतरत होती. आधाराला धरलेला कठडा बाहेर कलला आणि ती सहा पायऱ्या गडगडत खाली आली. उजवं मनगट मोडलं. शिवणाऱ्या बाईचं उजवं मनगट.

ताईचा फोन आला, म्हणून मी दवाखान्यात पोचलो. दाजींनी मला बाजूला घेतलं. "तुझी ताई गाडी आणायला गेली, तेवढ्यात मी चारही नट आवळून टाकले. पोरीला कुठली शुद्ध होती!"

"बरं केलंत," मी म्हणालो. "आता तोंडाला कुलूप. ती कोर्टात गेली तर सगळं तुमच्या गळ्यात पडेल." हे मी बोललो. चांगला शिकलेला माणूस मी! आज लिहितानाही मान खाली जाते.

आम्ही खाटेजवळ गेलो तर तीच घाईघाईने म्हणाली, "माझीच चूक झाली, काका. गठ्ठा जड होता. खोली मात्र सोडायला सांगू नका."

दाजींचा चेहरा पडला. मी कोपराने ढोसलं, तरी ते बोललेच, "चूक तुझी नाही. कठडा सैलच होता. तू पडल्यावर मी तो आवळला."

"माहीत आहे मला," ती छताकडे बघत म्हणाली. "मी पाणी मागत होते. तुम्ही मला ओलांडून पाना आणायला गेलात. ऐकू आलं नसेल तुम्हाला."

मी म्हणणार होतो, की नसेलच आलं, वय झालंय त्यांचं.

दाजी म्हणाले, "आलं होतं."