मरियाबाई नदीत का जातात

मरियाबाई नदीत का जातात यावर त्या साली गावात तीन मतं होती, आणि ती बाळगणाऱ्यांपैकी एकानंही खुद्द मरियाबाईंना विचारलेलं नव्हतं. पहिलं मत असं की बाई जीव द्यायला जाते, पण ऐन वेळी धीर होत नाही. दुसरं असं की मुलगा गेल्यापासून तिचं डोकं फिरलंय. तिसरं मत ख्रिस्ती वस्तीतलं होतं आणि तेच सगळ्यांत वाईट: बाई माघस्नान करते, म्हणजे येशूला सोडून जुन्या देवांकडे निघाली. उचलली जीभ लावली टाळ्याला, गावाला काय लागतं!

गाव नेवासे तालुक्यातलं, प्रवरेच्या काठावरचं. साल पंचेचाळीस. मरियाबाई मिशनच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायच्या. वय चव्वेचाळीस, अंग काटक, आवाज असा की वर्गातून हाक मारली तर उतारावरची शेरडंसुद्धा मान वर करायची. नवरा सत्यवान पटकीत गेला तेव्हा आमोस सहा वर्षांचा होता. त्याला त्यांनी एकटीनं वाढवला. बेचाळीस साली पोरगा फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला. दर महिन्याला त्याचं कार्ड यायचं, त्यात निम्मा मजकूर खाण्याचा असायचा.

आदल्या आषाढात तार आली. वर्गात पावकीचा पाढा चालू होता. मरियाबाईंनी तार वाचली, घडी करून पोलक्यात ठेवली आणि पाढा पुरा करून घेतला. मग मुलांना सोडलं, घरी जाऊन चूल पेटवली. बायका रडायला जमल्या, आणि ही रडेना, तेव्हा बिचाऱ्यांची पंचाईत झाली. मिशनच्या देवळात आमोससाठी प्रार्थना झाली. मढं नाही, पेटी नाही, मूठभर माती टाकायला खड्डासुद्धा नाही. मरियाबाईंनी गीत म्हटलं ते अगदी सुरात म्हटलं. काळीज आहे की पाटा, असं एक जण म्हणाली, आणि ते त्यांनी ऐकलं. ऐकूनही काही वाटलं नाही.

काही वाटत नव्हतं हीच तर गोष्ट होती. भाकरी करताना बोटं तव्याला टेकली, ते त्यांना वास आल्यावर कळलं. आमटीत मीठ नाही हे शेजारणीनं सांगितलं. भूक लागायची नाही, घंटा झाली म्हणून जेवायच्या. आमोस मेला हे त्यांना ठाऊक होतं, पण नगर किती कोसांवर आहे हे ठाऊक असावं तसं. रात्री झोपसुद्धा चांगली लागायची. त्याचीच त्यांना मनातून भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटत नव्हती.

कार्तिक सरता सरता मरियाबाई नदीपलीकडच्या गावच्या शाळेची परीक्षा घ्यायला नावेनं निघाल्या. नावाडी गहिनीनाथ भोई. उतरताना फळी निसटली आणि मरियाबाई कमरेएवढ्या पाण्यात पडल्या. भंडारदऱ्याच्या धरणातून आलेलं ते पाणी, त्यात सकाळची वेळ. "अगं आई गं!" असं त्या ओरडल्या. ओरडल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. दात वाजत होते, पायांना जणू कोणी चावत होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या अंगाला काहीतरी झालं होतं. गहिनीनाथनं हात पुढं केला तरी त्या लगेच बाहेर येईनात.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्या आपण होऊन आल्या आणि लुगड्यासकट गळ्याएवढ्या पाण्यात गेल्या. गहिनीनाथ नाव धूत होता. त्याला वाटायचं तेच वाटलं.

"बाई, जीव द्यायचा आसंल तर माझ्या नावंपासून लांब द्या. मागनं फौजदार मलाच इचारंल."

"जीव द्यायचा नाही रे."

"मंग काय करताय?"

"थंडी वाजतेय."

"मानसाला थंडी वाजली तर मानूस भाईर येतं," गहिनीनाथ म्हणाला. पण तो शहाणा होता. दोन दिवस त्यानं बघितलं, तिसऱ्या दिवशी झोपडीतून वाळका भोपळा आणला आणि सुंभानं त्यांच्या पाठीला बांधून दिला. म्हणाला, "आमोसलाबी मी असाच भोपळा बांधून शिकवलं हुतं. तुमी काठावरनं आमा दोगांना शिव्या घालत हुता."

चव्वेचाळिसाव्या वर्षी, काष्टा आवळून, पाठीला भोपळा बांधून मास्तरीणबाई पोहायला शिकल्या. हसू नका. गहिनीनाथ मात्र पोटभर हसला. "पाय मारा, पाय! कनीक मळताय व्हय पान्यावर?" पहिले आठ दिवस नाकातोंडात पाणी गेलं. पंधराव्या दिवशी भोपळा सुटला. मार्गशीर्ष सरता सरता त्या खडकापर्यंत जाऊन परत येऊ लागल्या. पाण्यात अंग दुखायचं, आणि त्या दुखण्याबरोबर आमोस यायचा. त्याचे कान, त्याचं ते खाण्याबद्दलचं कार्ड. बाहेर आल्यावरही तासभर माणसात असल्यासारखं वाटायचं, चहा गोड लागायचा. मग शाळेची घंटा व्हायच्या सुमारास सगळं पुन्हा बंद पडायचं.

एवढंच त्यांचं नदीत जाणं. त्यात देव नव्हता नि दानवही नव्हता.

पण पौषाची पुनव झाली आणि माघस्नान सुरू झालं. घाटावर मराठ्यांच्या बायका पहाटेपासून आंघोळीला येऊ लागल्या. त्यांत पाटलांच्या घरची बनुबाई होती. तिचा मुलगा गोरक्षसुद्धा त्याच आघाडीवर होता, पण जिवंत होता, आणि तो सुखरूप यावा म्हणून तिनं महिनाभराचं स्नान धरलं होतं. मरियाबाई घाटाच्या खालच्या अंगाला, नावेजवळ पोहायच्या. वरच्या अंगाला जायची ख्रिस्ती वस्तीला बंदीच होती. बाटले तरी महारच, असा गावाचा हिशेब. नदी एकच, पण पाणी गावानं वाटून घेतलेलं.

बनुबाईनं दोन-तीन दिवस बघितलं आणि तिला भरून आलं. ही बाईसुद्धा आपल्यासारखीच व्रत धरून बसलीय, असा तिनं आपल्या मनानंच अर्थ लावला. एका सकाळी मरियाबाई ओल्या अंगानं उन्हात बसल्या होत्या. तर बनुबाई येऊन चार हातांवर बसली.

"मास्तरीणबाई, मला माघाची कहानी सांगायची हाय. ऐकनारं कुनी नसलं तर फळ मिळत न्हाई. सासू तापानं पडलीय. तुमी ऐकता का?"

कहाणी ऐकणाऱ्यानं हातात अक्षता धरायच्या, असा रिवाज आहे. बनुबाईनं कुंकू लावलेले तांदूळ वरून त्यांच्या हातावर टाकले. हाताला हात लागू दिला नाही. मरियाबाईंनी मूठ मिटली. कोणी हातावर काही ठेवलं की मूठ मिटायची, इतपतच त्यांचं चाललं होतं तेव्हा. कहाणी कसली होती हे त्यांना पुढं सांगता आलं नाही. ऊन बरं वाटत होतं आणि एक आई बोलत होती, म्हणून बसल्या. कहाणी संपली, घंटा झाली, त्या तशाच शाळेत गेल्या. खडू घ्यायला मूठ उघडली तर ओल्या हाताला कुंकू लागलेलं, नि दाणे टेबलावर सांडले. नेमके तेव्हाच ख्रिस्ती मंडळीचे पाळक योहानराव दारात उभे होते.

योहानराव वाईट माणूस नव्हते. चांगली माणसं कधीकधी जास्त अडचणीची असतात, एवढंच. त्यांच्या बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्याचं पाणी तोडलं होतं, आणि माघस्नान, नवस, अक्षता या शब्दांनी त्यांच्या अंगावर अजून काटा यायचा. शिवाय एक पाटी मध्ये होती. मंडळीनं वर्गणी काढून आमोसच्या नावाची दगडी पाटी करवली होती. ईस्टरला ती देवळाच्या भिंतीत बसवायची होती. ज्याला माती मिळाली नाही त्याचं जगात तेवढंच एक ठिकाण राहणार होतं.

संध्याकाळी ते मरियाबाईंच्या घरी आले, बाजेच्या कडेवर बसले.

"बाई, तुमच्या मनात पाप नाही हे मी जाणतो. पण मंडळीचे पंच चिडलेत. माघस्नान संपेपर्यंत नदीत पाऊल टाकणार नाही, एवढं मंडळीपुढं म्हणा. वीस दिवसांचा तर प्रश्न आहे. नाहीतर देवळात प्रभुभोजनाची भाकर बंद करतील, आणि पाटी बसवू देणार नाहीत."

वीस दिवस! कुणीही शहाणं माणूस हो म्हणालं असतं. मरियाबाईसुद्धा म्हणाल्या, "बघते."

आणि त्यांनी खरंच बघितलं. तीन दिवस नदीवर गेल्या नाहीत. पहिल्या दिवशी चहाची चव गेली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी पडून रक्तबंबाळ झाली, तर त्यांनी तिचा गुडघा बांधला आणि तिच्या रडण्याकडे नुसतं बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या देवळाच्या पडवीत गेल्या. पाथरवटानं पाटी आणून भिंतीला टेकवून ठेवली होती. अक्षरं सुरेख होती. आमोस सत्यवान, जन्म एकोणीसशे बावीस. त्यांनी ती वर्गात वाचतात तशी मोठ्यानं वाचली. अक्षरांवरून बोट फिरवलं. वेलांटी जरा आखूड झालीय, असं त्यांच्या मनात आलं. दुसरं काही आलं नाही. कुणा परक्याच्या पोराचं नाव असावं तसं ते नाव होतं.

रविवारी उपासना झाल्यावर पंच बसले. योहानरावांनी विचारलं, "बाई, शब्द देता ना?"

"नाही," मरियाबाई म्हणाल्या.

"म्हणजे व्रत आहे?" छगन नावाचे एक पंच लगेच पुढं सरकले.

"व्रत नाही. मला देवाकडं काही मागायचं नाही. मागण्यासारखं राहिलंय काय?"

"मग का जाता?"

गहिनीनाथ सोडला तर गावात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, तेही रागानं. मरियाबाईंना उत्तर जुळवायला वेळ लागला. शिकवणारी बाई, पण स्वतःबद्दल सांगायची सवय नव्हती.

"पोरगा मेला हे मला तारेनं कळलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलं तसंच. पण आत पोचलं नाही. परवा पाटी वाचली, काही झालं नाही. भाजलं तरी कळत नाही मला, हा हात बघा. त्या गार पाण्यात गेलं की मात्र तो मेलाय हे मला कळतं. तेवढाच वेळ कळतं."

योहानराव हळू आवाजात म्हणाले, "आणि ते कळावं असं तुम्हाला वाटतं?"

"मी आई आहे त्याची, पाळकसाहेब. मला नाही कळायचं तर कुणाला कळायचं?"

सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. पण ऐकून घेणं वेगळं आणि निवाडा करणं वेगळं. शिक्षेच्या बाजूनं पाच पंचांपैकी तिघांचे हात वर गेले. प्रभुभोजन वर्षभर बंद, पाटी तूर्त बसवायची नाही. योहानरावांनी तसं वहीत लिहिलं. 'पाटी' हा शब्द त्यांनी दोनदा खोडून पुन्हा लिहिला, आणि तेवढ्याबद्दल मला त्यांची कणव येते, जास्त नाही. मरियाबाईंनी निकाल ऐकला, मान हलवली, घरी जाऊन भात टाकला. जेवल्या, झोपल्या. पाटीचं त्यांना काहीच वाटलं नाही.

सोमवारी उजाडताना त्या नदीवर गेल्या. धुकं होतं, गहिनीनाथ शेकोटीशी बसला होता. घाटावर बायका अर्घ्य देत होत्या. मरियाबाई पाण्यात शिरल्या, चार हात मारले आणि थांबल्या. छातीएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाटी नाही, हे त्यांना तिथं कळलं. भिंतीत नाव नाही, जमिनीत हाड नाही. बावीस वर्षांचं पोर, त्याचं कुठंच काही नाही. आधी त्यांच्या तोंडातून नुसती वाफ आली. मग जो आवाज निघाला तो ऐकून गहिनीनाथ शेकोटीवरून उठला आणि नदीकडे पाठ करून उभा राहिला. "आमोस! अरे माझ्या आमोसा!" शेरडांना मान वर करायला लावणारा तो आवाज, तो पलीकडच्या गावापर्यंत गेला असणार.

घाटावरच्या बायकांच्या हातातली पाण्याची भांडी तशीच राहिली. कुणी म्हणालं, सोवळं हाय, बगू नगा तिकडं. बनुबाई पायरीवरून उतरली. ओल्या लुगड्यानं, पाण्यातूनच, घाटाची हद्द ओलांडून ती खालच्या अंगाला आली. मागून बायका तिला हाका मारत होत्या. तिनं मरियाबाईंना दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तिचेसुद्धा दात वाजत होते.

"रड माय, रड," ती म्हणाली. "पर जरा बिगीनं रड. पानी लई गार हाय."