दम कोंडलेलं कापड

खाणीच्या डोंगराखाली, सासुरवाडीच्या गावात, कृष्णनाथ लाऊडस्पीकर दुरुस्त करी. मूळचा तो कोरगावचा. आवाज खरखरला की डिचोलीच्या बाजारातले लोकही त्याचंच घर विचारीत.

स्पीकरच्या कागदी कोनामागे कापडाची एक चकती असते. पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशा वळ्या असलेली. तिला स्पायडर म्हणतात. तारेची कॉइल मॅग्नेटच्या फटीत मधोमध ठेवायची, पुढेमागे हलू द्यायची, बाजूला जाऊ द्यायची नाही, एवढंच तिचं काम. कृष्णनाथ ती घरीच करी. सुती कापड राळेत भिजवायचं, लाकडी साच्यात गरम दाबायचं. विकतच्या चकतीला तो हात लावीत नसे.

अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात खाणीचा स्पीकर त्याच्याकडे आला. मातीची लाल धूळ विणीतून शिरून फटीत बसली होती. कृष्णनाथाने नवी चकती केली आणि धूळ कधीच शिरू नये म्हणून तिच्यावर राळेचे आणखी दोन हात दिले. वीण बुजली.

हा स्पीकर दिवसभर ट्रकांचे नंबर पुकारी आणि चार वाजता सुरुंग उडण्याआधी इशाऱ्याच्या तीन हाका देई. पहिलीला उतारावर काजी, म्हणजे काजू, वेचणाऱ्या बायका मान वर करीत. दुसरीला टोपल्या उचलीत. तिसरीला त्या बांधाआड पोचलेल्या असत. त्यांत कृष्णनाथाची बायको पद्मावतीही असे.

स्पीकर खाणीवर परत लागल्यावर चार दिवसांनी सोप्यावर बसल्या बसल्या त्याच्या कानाला लागलं. सकाळी खणखणीत असलेला आवाज चारच्या सुमारास बारीक होतो. दुसऱ्या दिवशी आणखी बारीक. कापडातून वारा खेळतो म्हणून कॉइल निवते. वाऱ्याची ती वाट त्यानेच बुजवली होती.

तो खाणीवर गेला. मुकादम सदाशिव हसला.

"तूच बनयलंस आणि तूच भियेतस? बरो बोलता मरे तो!"

"कॉइल तापता. काडून दी."

"शनवारी सुरुंग ना. तेन्ना व्हर."

शनिवारी स्पीकर न्यायचा असं ठरलं, आणि कृष्णनाथ परतला. बायकांना सावध करायचं तर आपल्या हातची चूक सांगावी लागणार होती. पद्मावती जेवण वाढताना म्हणाली, "आमी तुज्या स्पीकराच्या भरवशार वेचतांव हां!" तो भात कालवत राहिला.

शुक्रवारी पहिली हाक आली, चिरकी, कापरी. मग नुसता वारा. कृष्णनाथ उठून उभा राहिला. दुसरी हाक आलीच नाही. तो धावत सुटला.

बायका निवांत वाकून वेचत होत्या. "दुसरी खंय आयली अजून?" त्यांतली कमल हसत म्हणाली.

"येवची ना ती! कॉइल जळली. धावा!"

टोपल्या तिथेच टाकून सगळ्या बांधाआड पडल्या. डोंगर हादरला. काजीच्या फांद्या मोडत दगड आले, आणि बायका वाकल्या होत्या तिथेच पडले.

हळूहळू धूळ खाली बसली. मग पद्मावतीने नवऱ्याकडे पाहिलं.

"कॉइल जळली म्हूण तुका हांगा येवच्या आदीच कशें कळ्ळें?"

कृष्णनाथ अंगावरची धूळ झटकू लागला.

"केन्नासून ठावक आसलें?"

"चार दिस."

पद्मावतीने पदराने तोंडावरची लाल माती पुसली. बाकीच्या बायका उतरू लागल्या होत्या. ती त्यांच्यामागून चालू लागली. कृष्णनाथाच्या घराची पायवाट आली, पण ती तिकडे वळली नाही, सरळ माहेरच्या वाटेने गेली.