डोरथीच्या जॅकेटसाठी डोंगरापलीकडे

फेब्रुवारीत स्नोक्वालमी पास, म्हणजे इथला डोंगरातला घाट, ओलांडून जाऊ नये, असं आमच्या बॉथेलमधला प्रत्येक मराठी माणूस सांगतो. मीही सांगत असते. पण शेजारच्या डोरथीने हातातलं पत्र दाखवलं आणि मी म्हटलं, चल, मी ड्राइव्ह करते.

पत्र तिच्या जुन्या कॉलेजचं होतं. इथे कॉलेजच्या टीममधून खेळलं की छातीवर कॉलेजचं मोठं अक्षर असलेलं जॅकेट मिळतं. डोरथीच्या काळात ते फक्त मुलांना मिळायचं. ती चार वर्षं बास्केटबॉल खेळली, तिला काही नाही. आता कॉलेजला जाग आली होती: मुलींच्या मॅचच्या मध्यंतरात डोरथीच्या त्या जुन्या टीमचा सत्कार करणार, जॅकेट देणार. पन्नासहून जास्त वर्षांनी! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

निघताना पासवरच्या रस्त्याचे कॅमेरे फोनवर बघून घ्या, आणि बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या डिकीत टाकाच. आमच्या नशिबाने रस्ता मोकळा होता. मागे माझी लेक सई, हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणारी, आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. एलन्सबर्गला कॉफी घेतली. व्हँटेजच्या पुलावर वारा गाडी ढकलतो, तिथे स्टिअरिंग घट्ट धरा.

डोरथी सांगत होती. सुरुवातीला एका टीममध्ये सहा जणी. चौघींनी मधली रेघ ओलांडायची नाही, फक्त दोघींना अख्खं मैदान. का, तर बाईला इतकं पळणं झेपत नाही म्हणे! मुलांची प्रॅक्टिस संपली की ह्यांना कोर्ट मिळायचं. पीटीच्याच कपड्यांवर चिकटपट्टीचे नंबर, आपल्याच गाड्यांतून प्रवास, पेट्रोलसाठी केक विकायचे. पुढे कॉलेजांत मुलींनाही खेळात समान संधी द्यायचा कायदा आला, मुलींना स्कॉलरशिप मिळायला लागल्या, पण तोवर हिचं शिक्षण संपलेलं.

"अँड यू स्टिल प्लेड?" सईने विचारलं.

"टीममधली रूथ होती ना," डोरथी म्हणाली. "ती गाडी घेऊन दारात हॉर्न वाजवायची. ती नसती तर मी पहिल्याच महिन्यात सोडलं असतं." रूथ तीन वर्षांपूर्वी गेली.

मॅच असलेल्या वीकएंडला मोटेलवाले भाडं चढवतात, आधी बुक करा. आम्ही उशिरा केलं आणि भोगलं.

दुसऱ्या दिवशी स्टेडियम बघून सईचे डोळे विस्फारले. पोरींची भिंतीएवढी पोस्टरं, टीव्हीचे कॅमेरे, सह्यांसाठी रांग लावलेल्या छोट्या मुली. काय खेळल्या पोरी, वा! आणि हे सगळं ज्यांच्या जिवावर उभं राहिलं त्या, डोरथी धरून आलेल्या, पाच म्हाताऱ्यांना जागा कुठे? सगळ्यात वर, छताला टेकून. गुडघे धरून चढल्या बिचाऱ्या.

मध्यंतर झालं. डोळे बांधून बॉल टाका आणि पिझ्झा जिंका, असला खेळ सुरू झाला. मी खाली जाऊन आयोजकांतल्या एका गृहस्थांना गाठलं.

"वेळ कमी पडतोय," ते गोड हसून म्हणाले. "मॅच संपल्यावर करू."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मॅच संपल्यावर थांबतं कोण?

आमच्या मराठी मंडळात आभारप्रदर्शनापर्यंत माणसं बसवायची असली की अल्पोपहार शेवटी ठेवतात. मॅच संपताच मी दारात उभी राहिले आणि ओरडले, "थांबा! सत्कार आहे! नंतर खायला आहे!"

"आई, प्लीज, स्टॉप!" सई लाल झाली.

माझ्या कोटाच्या खिशात फक्त चकलीचं एक पाकीट होतं, तेही लपवून आत आणलेलं. पण थांबली की माणसं! पहिल्या दोन रांगा भरल्या, आणि दोन्ही टीमच्या पोरी घामेजलेल्या तशाच जमिनीवर बसल्या.

पाच जॅकेटं वाटली. डोरथीने आपलं हातावर घेतलं आणि विचारलं, "रूथचं कुठाय?"

"जे हजर आहेत त्यांच्यासाठीच आहे," गृहस्थ म्हणाले.

"ती हजर राहू शकत नाही. ती मेली आहे."

 गृहस्थांनी फोटोसाठी उभं राहायला हाताने खुणावलं. बाकी चौघींनी जॅकेट चढवलं होतं, डोरथीने नाही.

परतताना पासवर बर्फ लागला, तासभर अडकलो. सई मागून म्हणाली, "ॲट लीस्ट दे डिड समथिंग." मी तिला काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. तोंडाला पानं पुसायची आणि वर फोटो काढायचे, ह्याला 'समथिंग' म्हणतात?

कॉलेजने इंटरनेटवर टाकलेला सत्काराचा फोटो मंडळातल्या सगळ्यांनी लाइक केला. 'किती छान ना!' एका काकूंनी लिहिलं. नाही काकू, छान नाही.

काल, सोमवारी, डोरथीकडे गेले. दर सोमवारी ती कॉलेजला फोन लावते. रूथची मुलगी टकोमाला असते, तिला जॅकेट पोचवा म्हणून. दर वेळी विचारून सांगतो म्हणतात. हिचं जॅकेट खुर्चीच्या पाठीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट.

"घालून तर बघ," मी म्हटलं. "माप चुकलं असेल तर शिवून देते."

"आधी रूथचं येऊ दे," ती म्हणाली, आणि कॉलेजला लावायला फोन उचलला.