खरेदीखतातली पांदण

मंडळी, एक सल्ला पाह्यजे.

आज दिग्रसजवळच्या आमच्या वावराची मोजणी होती. आज्याच्या १९६२च्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिली आहे, 'उत्तरेस पांदण'. पण ती बैलगाडीची वाट कधीच नांगरली गेली. मोजणीदार म्हणाले, "पांदण कुठं होती ते दाखवा, नाहीतर तुमची विहीर शेजारच्या वावरात जाईल."

ती वाट मी कधी पाह्यलीच नव्हती. तेवढ्यात त्या शेजाऱ्यांचीच म्हातारी आई, जुबेदाचाची, पुढे आली. विहिरीच्या पलीकडं, आपल्याच पोरांच्या कपाशीत तिनं काठी रोवली. "पांदण इथं होती. नवरी होऊन मी याच वाटेनं आलती."

पोरं तिले तिथंच सोडून निघून गेली.

विहीर वाचली. पण चाचीले आता त्याच पोरांच्या घरात राहायचं आहे. मी भेटायला जाऊ, की माझ्या जाण्यानं तिले आणखीच त्रास होईल?